एनव्हीडीए स्क्रीन रीडर: वेबसाईट बनवणाऱ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो. तुम्ही वेबसाईट बनवत असाल, स्वतःची असो की गिऱ्हाइकाची, आणि विंडोजचा लॅपटॉप असेल तर एनव्हीडीए आजच टाकून घ्या. पाचपैकी चार स्टार. एक स्टार मराठी आवाजापायी कापलाय, त्यावर खाली बरंच बोलायचंय.

हे काय असतं हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: एनव्हीडीए म्हणजे स्क्रीन रीडर. ज्यांना दिसत नाही किंवा अगदीच कमी दिसतं त्यांना स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. मला दिसतं, मी गोव्यातल्या फोंड्यात बसून होमस्टे, छोटी रेस्टॉरंटं, देवस्थानं, शिकवण्या असल्या लोकांच्या साईट करतो, त्यामुळे रोज ह्याच्यावर अवलंबून असणाऱ्या माणसाचा रिव्ह्यू वेगळा असणार आणि तो त्यानेच लिहावा. मी वापरतो ते बनवलेलं पेज तपासायला. आणि खरं सांगू, एचटीएमएल (पेजची रचना सांगणारा कोड) नीट का लिहायचं हे जे कोर्समध्ये घसा कोरडा करून सांगतात ना, ते ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरने एका दुपारी समजतं.

फुकट म्हणजे खरंच फुकट, ट्रायल बियल काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या अंध तरुणाने २००६ मध्ये हे लिहायला घेतलं, कारण तेव्हाचे विकतचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे नव्हते (आजही जॉझ नावाचा विकतचा रीडर घ्यायला गेलात तर किंमत बघून माघारी याल). मग त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, सामील झाला आणि २००७ मध्ये त्यांनी एनव्ही ॲक्सेस ही संस्था काढली. ओपन सोर्स आहे, देणग्यांवर चालतं. एनव्ही ॲक्सेसच्या साईटवरून उतरवायचं, इन्स्टॉल करायचं नसेल तर पेन ड्राइव्हवर पोर्टेबल कॉपी करून ठेवता येते, गिऱ्हाइकाच्या मशीनवर दाखवायला ते फार सोयीचं पडतं.

सुरू केलं की ते बोलायला लागतं आणि थांबतच नाही. माउस हलवा, बोलतं. विंडो बदला, बोलतं. नवीन माणूस इथेच घाबरून बंद करतो. तर तीन गोष्टी आधी पाठ करा: कंट्रोल दाबलं की गप्प बसतं, एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट (लॅपटॉपला इन्सर्ट धड नसेल तर सुरुवातीच्या विंडोतच कॅप्स लॉक निवडता येतं), आणि ती दाबून क्यू दाबलं की बाहेर. आणि टूल्स मेनूमध्ये स्पीच व्ह्यूअर म्हणून एक खिडकी आहे, ते जे बोलतंय ते तिथे लिहून येतं, आपल्यासारख्या डोळ्यांची सवय असलेल्यांना ती उघडी ठेवली की खूप सोपं जातं. ऑफिसात बाकीच्यांच्या कानाला त्रास नको म्हणूनही.

वेब पेजवर गेलात की मग खरी मजा. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के म्हणजे पुढची लिंक, एफ म्हणजे फॉर्मचा पुढचा रकाना, बी म्हणजे बटण, डी म्हणजे लँडमार्क (मेनू, फूटर असा पेजचा मुख्य भाग), टी म्हणजे टेबल. शिफ्ट धरलं की उलटं. आणि इन्सर्ट एफ-सात दाबलं की पेजवरच्या सगळ्या लिंका, सगळी हेडिंग्ज, बटणं ह्यांची यादीच समोर येते. ही यादी म्हणजे तुमच्या मार्कअपचा, म्हणजे एचटीएमएलचा, एक्सरे (ह्याहून चांगला शब्द मला सुचत नाहीये). डिझाइन कितीही देखणं असू द्या, ही यादी रिकामी असेल तर पेज रिकामं.

आता मराठीवर येतो.

विंडोज १० आणि ११ वर एनव्हीडीए विंडोजचेच आवाज घेतं. तुमच्याकडे फक्त इंग्रजी आवाज असेल तर देवनागरी दिसली की तो गप्प. एरर नाही, बीप नाही, काही नाही. एका रेस्टॉरंटचं मराठी मेनू पेज असं ऐकलं तर काय झालं माहितीये? बांगडा रवा फ्राय, तिसऱ्यांचं सुकं, सुंगटांचं हुमण, किसमूर, सोलकढी हे सगळं गायब आणि आवाज आपला मजेत इंग्रजीत नुसते आकडे वाचतोय, वन एटी, टू फिफ्टी, टू ट्वेंटी, फोर्टी. ऐकणाऱ्याला वाटेल हा काय पाढा चाललाय. तर पहिलं काम, इन्सर्ट कंट्रोल एस दाबून सिंथेसायझर (मजकुराचा आवाज करणारं इंजिन) बदला आणि ई-स्पीक एनजी घ्या, ते एनव्हीडीएसोबतच येतं, त्यात मराठी आहे, हिंदी आहे आणि हो, कोकणी पण आहे.

दुसरं काम तुमच्या कोडमध्ये. पेजच्या अगदी वर एचटीएमएल टॅगला लँग म्हणून एक गोष्ट असते, भाषा सांगणारी. मराठीला एमआर. आपल्याकडच्या बहुतेक मराठी साईट कुठल्यातरी इंग्रजी टेम्प्लेटवरून उचललेल्या असतात आणि तिथे ईएन तसंच राहिलेलं असतं, कोणी बघतच नाही कारण स्क्रीनवर त्याने काहीच फरक पडत नाही. स्क्रीन रीडरला मात्र त्यावरूनच कळतं की आता कुठल्या भाषेचे उच्चार लावायचे. ते बदलून एमआर केलं की ई-स्पीक मराठी उच्चार लावतं, मध्येच एक परिच्छेद इंग्रजीत असेल तर त्या परिच्छेदाला ईएन लावायचं, तिथे ते इंग्रजीत जातं आणि परत येतं. गोव्यात तर एकाच पेजवर मराठी, कोकणी, इंग्रजी सगळंच असतं, त्यामुळे आपल्याला हे सगळ्यात जास्त लागतं. दोन अक्षरांचं काम आहे हो. डब्ल्यूसीएजीत, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे जागतिक नियम आहेत त्यात, पेजची भाषा सांगणं सगळ्यात खालच्या, म्हणजे अगदी किमान पातळीवर येतं.

आणि ज्यांच्या साईटवर अजून युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर पडून आहे त्यांच्याबद्दल बोलायलाच नको. डोळ्यांना मराठी दिसतं, आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. एनव्हीडीए ते जसंच्या तसं वाचतं. एकदा ऐकून बघा, मग त्या फायली युनिकोडमध्ये बदलायला कोणाला मागे लागावं लागणार नाही.

पण आवाजाचा दर्जा… ई-स्पीकचा मराठी आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. जोडाक्षरांवर अडखळतो, शब्दातला कुठला अ उच्चारायचा आणि कुठला गिळायचा ह्यात गडबड करतो. तपासणीला चालतो, रोज तासन्‌तास तो ऐकायचा म्हणजे… एक स्टार इथे गेला. ह्यात एनव्हीडीएवाल्यांची तशी चूक नाही, चांगला मराठी आवाज फुकट मिळेल तर ते घेतीलच की.

आता कामाची गोष्ट, म्हणजे ह्याने मला काय काय सापडतं. पेडण्यातल्या एका होमस्टेची साईट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, दुसऱ्या कोणीतरी बनवलेली. दिसायला झकास. जुनं घर, बाल्कांव, माडाची रांग, मोठमोठे फोटो. एनव्हीडीए लावलं, इन्सर्ट एफ-सात, हेडिंग्ज: एकही नाही. म्हणजे स्क्रीनवर 'आमच्या खोल्या', 'जेवण', 'कसे याल' सगळं मोठ्या ठळक अक्षरात होतं, पण आत नुसते डिव्ह (स्वतःचा काही अर्थ नसलेले डबे), त्यांना सीएसएसने, म्हणजे रंगरूपाच्या कोडने, फुगवलेलं. डोळ्याला हेडिंग, कानाला साधी ओळ. वेबएम ही वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून काम करणारी संस्था, तिच्या २०२४ च्या सर्व्हेत स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलंय की मोठ्या पेजवर काही शोधायचं तर ते आधी हेडिंग्जवरून उड्या मारतात. इथे उडी मारायला जागाच नव्हती.

लिंकांच्या यादीत 'अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा' अशी माळ. कशाबद्दल अधिक? व्हॉट्सॲपच्या हिरव्या चित्राला काही नावच दिलेलं नव्हतं, त्यामुळे एनव्हीडीए बिचारं त्या लिंकचा पत्ताच वाचून काढत होतं, आकड्यानिशी. वरचा फोटोंचा स्लायडर तर कहर, त्याला कोणीतरी हौसेने एरिया लाइव्ह लावून ठेवलेलं, त्यामुळे तुम्ही खाली जेवणाबद्दल ऐकताय आणि दर थोड्या वेळाने मध्येच तोंड घालून तो सांगणार, 'वेलकम टू पॅराडाइज'. एरिया म्हणजे एचटीएमएल कमी पडतं तिथे लावायची जास्तीची माहिती, आणि जे लोक हे नियम लिहितात तेच सांगतात की चुकीचं एरिया लावण्यापेक्षा न लावलेलं बरं. पण टेम्प्लेट विकणाऱ्यांना ते दाखवायला आवडतं, 'ॲक्सेसिबल' (सगळ्यांना वापरता येणारी) असा बिल्ला लावता येतो ना.

सगळ्यात वाईट बुकिंगचा फॉर्म. नाव, फोन, किती माणसं असं शेजारी लिहिलेलं, पण ते लिहिलेलं आणि तो रकाना ह्यांचा आपसात काही संबंधच जोडलेला नव्हता. एनव्हीडीए प्रत्येक रकान्यावर एकच म्हणतं, 'एडिट, ब्लँक'. पुढच्यावर परत 'एडिट, ब्लँक'. आणि शेवटचं 'बुक करा' हे बटणासारखं दिसणारं एक डिव्ह, ज्यावर माउसने क्लिक होतं पण टॅब दाबत गेलात तर कीबोर्ड त्याच्यावर थांबतच नाही, सरळ फूटरमध्ये. म्हणजे न बघता कोणी एवढं सगळं भरलंच, तर पाठवायचं कसं?

दुरुस्ती काय केली, तर काहीच भारी नाही. हेडर, नॅव्ह, मेन, फूटर हे जे एचटीएमएलचे स्वतःचे टॅग आहेत ते लावले. पेजला एक एच-वन, खालच्या विभागांना एच-टू. प्रत्येक रकान्याला लेबल, आणि लेबलचा फॉर त्या रकान्याच्या आयडीशी (कोडमधल्या त्याच्या नावाशी) जुळवला (ह्याने डोळसांचाही फायदा, मोबाइलवर लेबलवर बोट टेकवलं तरी कर्सर रकान्यात जातो). डिव्ह काढून खरं बटण ठेवलं, एंटर आणि स्पेस दोन्ही आपोआप चालायला लागले, त्यासाठी जी जावास्क्रिप्ट लिहिलेली ती उडवली. स्लायडर काढून एकच चांगला फोटो. 'अधिक वाचा'च्या जागी 'खोल्यांचे दर बघा'. डिव्हमध्ये डिव्ह त्यात डिव्ह अशी जी उतरंड होती ती मोडली तशी सीएसएस पण बरीच आटली, पेज हलकं झालं, पावसात जेव्हा इथे नेटची बोंब असते तेव्हा ते जाणवतं.

मालक बघायला आले. म्हणाले, "अहो, दिसायला तर काहीच बदललं नाही, मग पैसे कसले?"

प्रश्न रास्त होता. मी मॉनिटर बंद केला, एनव्हीडीए लावलं आणि म्हटलं, ही तुमची जुनी साईट, आता खोली बुक करा. दोन रकान्यांच्या पुढे त्यांनी हात वर केले. मग नवी लावली. अडखळत, कंटाळत, पण फॉर्म गेला. नंतर त्यांनी बिलावर घासाघीस केलीच, ती व्हायचीच, पण कशाचे पैसे हे मात्र परत विचारलं नाही.

डिचोलीचे एक निवृत्त मास्तर माझ्या ओळखीचे आहेत, काचबिंदूने दृष्टी गेली, एनव्हीडीए वापरतात. त्यांच्या मशीनवरचा आवाजाचा वेग इतका की मला एक शब्द कळत नाही, नुसती टरटर ऐकू येते आणि ते मध्येच थांबून सांगतात, "तुझ्या तिसऱ्या ओळीत 'सुविधा'चं स्पेलिंग चुकलंय बघ." त्यांना विचारलं होतं की सर, हेडिंग्ज नसलेलं पेज आलं तर काय करता. म्हणाले, "काय करणार, बंद करतो. दुसरं हॉटेल बघतो." माझ्या मते गिऱ्हाइकांना समजवायला ह्याहून जास्त काही लागत नाही.

बाकीच्या टूल्सशी तुलना करायची तर, ती पण फुकट आहेत आणि ती पण ठेवाच. वेव्ह हे वेबएमचं (अमेरिकेतलं युटा स्टेट युनिव्हर्सिटीतलं) एक्स्टेन्शन, पेजवरच खुणा मारून दाखवतं, चित्राला ऑल्ट (चित्राचं लिहिलेलं वर्णन) नाही, इथे कॉन्ट्रास्ट कमी, वगैरे. वेबएम दरवर्षी जगातल्या दहा लाख होम पेजेसची अशी तपासणी करतं आणि २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्क्यांवर आपोआप पकडता येणाऱ्या चुका निघाल्या, त्यामुळे आपल्या पेडण्याच्या होमस्टेवाल्याने फार लाजायचं कारण नाही. ॲक्स हे असंच दुसरं, डेव्हलपर लोकांच्या जास्त कामाचं. क्रोमच्या आत लाइटहाऊस असतं ते शंभरपैकी मार्क देतं आणि तिथेच गोची होते, कारण गिऱ्हाइकाला शंभर दाखवलं की विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. चित्राच्या बाबतीत ही टूल्स मुख्यतः ऑल्ट आहे की नाही एवढं बघतात. त्या ऑल्टमध्ये 'इमेज १' लिहिलंय की 'अंगणातून दिसणारी शापोरा नदी' लिहिलंय हे त्यांना धड कळत नाही, ते कानालाच कळतं.

डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, कोड तपासणारा व्हॅलिडेटर मात्र मला अजूनही आवडतो, जुनी गोष्ट आहे म्हणून हल्लीची पोरं हसतात. त्यात पेजचा पत्ता टाकायचा आणि न बंद केलेले टॅग, बटणाच्या आत लिंक असले प्रकार तो ओळ क्रमांकासकट सांगतो. डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीतून (ऑक्टोबर २०२३) कोड व्याकरणशुद्धच हवा हा निकष काढून टाकलाय, कारण ब्राउझर आता तुटकं एचटीएमएल स्वतःच सांधून घेतात, पण म्हणून व्हॅलिडेटर निकामी झाला असं नाही. एका क्लासच्या साईटवर वर चौकशीचा फॉर्म आणि खाली प्रवेशाचा फॉर्म, दोन्हीत रकान्याचा आयडी 'नेम'. लेबलं सगळी लावलेली. एनव्हीडीएला खालच्या फॉर्मवर नाव काही सांगता येईना, कारण दोन्ही लेबलं वरच्याच रकान्याला जाऊन चिकटलेली. व्हॅलिडेटरने एका ओळीत सांगितलं, डुप्लिकेट आयडी. म्हणजे रोग एकाने ऐकवला, कारण दुसऱ्याने दाखवलं.

ते एका ओळीची स्क्रिप्ट टाका आणि साईट आपोआप ॲक्सेसिबल होईल असं सांगत फिरणारे जे विजेट आहेत, कोपऱ्यात निळा गोल माणूस असतो तो, त्यावर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसीबी ह्या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले, कारण त्यांचा एआय कुठलीही साईट नियमात बसवतो हा दावा टिकला नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर आहे त्यांना तुमच्या कोपऱ्यातल्या गोल माणसाचं काय कौतुक.

आता एनव्हीडीए काय सांगत नाही तेही लिहितो, नाहीतर लोक फक्त ह्याच्यावर विसंबतील. सीएसएसमधल्या बऱ्याच भानगडी ह्याला दिसतच नाहीत, साहजिक आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, ही फॅशन काही जात नाही. साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट हवा, पांढऱ्यावर #९९९ घेतलात तर तीनच्याही खाली येतो, #७६७६७६ वर जेमतेम पास होता. समुद्राच्या फोटोवर पांढरं नाव लिहिणाऱ्यांनी तर एकदा दुपारच्या उन्हात बसून मोबाइलवर आपलीच साईट वाचून दाखवावी. मग ते आउटलाइन नन. टॅब दाबल्यावर कुठे आहोत ते दाखवणारी कड 'घाण दिसते' म्हणून काढून टाकतात, त्याने ज्याला दिसतं पण माउस धरता येत नाही असा माणूस हरवतो. त्याऐवजी सीएसएसमधलं फोकस व्हिजिबल वापरा, माउसवाल्यांना कड दिसणार नाही, कीबोर्डवाल्यांना दिसेल, भांडण मिटलं.

आणि देवनागरीसाठी दोन गोष्टी, ह्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाहीत. लेटर स्पेसिंग लावू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द सुटे दात दिसतात तसे दिसतात. आणि लाइन हाइट इंग्रजीच्या हिशोबाने १.२ ठेवलीत तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, १.६ च्या आसपास ठेवा. अक्षरांची मापं रेममध्ये (ब्राउझरच्या अक्षराच्या हिशोबाने चालणारं माप) द्या, म्हणजे कोणी ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं तर ते खरंच मोठं होईल.

सीएसएसमधली एक भानगड मात्र एनव्हीडीए लगेच पकडतं, लपवलेला मोबाइल मेनू. बरेच लोक तो नुसता स्क्रीनच्या बाहेर ढकलतात किंवा पारदर्शक करतात. डोळ्याला गेला, पण एनव्हीडीए अख्खा मेनू वाचणार आणि टॅबही त्याच्यात शिरणार. बंद असताना डिस्प्ले नन करा.

देवस्थानांच्या साईटबद्दल थोडं, कारण इथे ते काम खूप असतं. जत्रेची पत्रिका छापखान्यातून येते आणि तिचा फोटो काढून तसाच साईटवर. पालखी कधी, महाप्रसाद कधी, रात्री नाटक कुठलं, सगळं एका जेपेगमध्ये. एनव्हीडीए त्यावर आलं की ऑल्ट नसल्यामुळे क्रोमच उलट सांगतं की वर्णन हवं असेल तर कॉन्टेक्स्ट मेनू उघडा. गावातल्या आजोबांना हे ऐकवा. मी समितीला सांगतो की पत्रिका ठेवा हवी तर, देखणी असते, पण खाली तोच कार्यक्रम टेबलात द्या. तारीख, वेळ, कार्यक्रम असे तीन स्तंभ, वरच्या ओळीला टीएच आणि स्कोप (हा स्तंभाचा मथळा आहे असं सांगणारे). मग एनव्हीडीएत कंट्रोल ऑल्ट आणि डावा-उजवा बाण दाबत ओळीत फिरलं की ते प्रत्येक खणाबरोबर स्तंभाचं नावही सांगतं, 'वेळ, रात्री १०'. गूगललाही तो मजकूर सापडतो, मुंबईतल्या कुळाव्यांनाही (ज्यांचं ते कुलदैवत त्यांना) फोनवर झूम करत बसावं लागत नाही. टेबल फक्त अशाच गोष्टींना वापरा, अख्खं पेज टेबलात मांडायचे दिवस गेले.

तक्रारी. एक, फक्त विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांना व्हॉइसओव्हर आहे, अँड्रॉइडवर टॉकबॅक, आणि आपल्याकडे बहुतेक लोक मोबाइलवरच असल्यामुळे टॉकबॅकवर वेगळं तपासावंच लागतं, एनव्हीडीएत चाललं म्हणजे तिथे चालेल असं नाही. दोन, शॉर्टकट इतके की सुरुवातीला डोकं फिरतं. ब्राउझ मोड आणि फोकस मोड हा प्रकार तर कोणी समजावून सांगेपर्यंत कळत नाही: पेज वाचताना एच म्हणजे हेडिंग, पण रकान्यात शिरलात की एच म्हणजे एच हे अक्षर, ह्या दोघांत इन्सर्ट स्पेसने जा-ये करायची. तीन, आवाज, तो झाला सांगून.

"आंधळी माणसं कशाला येतील आमच्या साईटवर" असं विचारणारं गिऱ्हाईक भेटतंच. त्यांना सांगायला कायदा आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय. पण कायदा दाखवला की लोक उगाच आखडतात. त्यापेक्षा मी पणजीच्या पर्पल फेस्टचं सांगतो, जानेवारी २०२३ पासून देशभरातून दिव्यांग माणसं त्यासाठी गोव्यात येतात, कुठेतरी राहतात, कुठेतरी जेवतात, आणि जागा आधी ऑनलाइनच शोधतात. हा हिशोब लगेच पटतो.

कोणी घ्यावं: वेबचं काम करणाऱ्या प्रत्येकाने, शिकणाऱ्या पोरांनी तर पहिल्या महिन्यातच. कोणी घेऊ नये असं काही नाही, फुकटच आहे. पैसे कमावत असाल तर एनव्ही ॲक्सेसला थोडी देणगी द्या, तसं बटण साईटवर आहे, आणि ते कीबोर्डने दाबता येतं हे सांगायला नकोच. आणि ई-स्पीकपेक्षा बरा, एनव्हीडीएत चालणारा मराठी आवाज कोणाला माहीत असेल तर खाली लिहा, विकतचा असला तरी चालेल, मास्तरांसाठी हवाय.